एक भाकरी जास्त

१२ जुलै १९९९, सोमवार

पाच सेट! मंचरला, एका दुपारात पाच!

चार महिने झाले भांड्यांच्या डेमोला जातेय. कधी एक सेट जातो, कधी नुसता चहा पिऊन परत. आज पाच. एसटीत भांड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि आपोआप हसू येत होतं. मग आमचा राजुरीचा फाटा आला आणि हसू गेलं.

काय झालं ते लिहिते. मासवडीचं बेसन हाटत होते — जाड बुडाच्या भांड्यात तळाला लागत नाही हे दाखवायला. ज्यांच्या घरी डेमो होता त्या मास्तरीणबाईंनी सगळी आळी गोळा केलेली. पंधरा-सोळा बाया. मी नेहमीचं सांगत होते. बूड तीन थरांचं, गॅस निम्मा, तेल नावाला. बाया जांभया देत होत्या. एकीने तर आमची झाकणी घेऊन वारा घातला. तेवढ्यात मला रिद्धीचं आठवलं. रिद्धी म्हणजे नारायणगावच्या पुनमचंद शेठजींची सून. भांड्यांच्या दुकानात डेमोचं सगळं तीच बघते. परवा म्हणाली, "ताई, भांड्याचं सांगू नका. भांडी काय, प्रत्येकीकडे आहेत. घरचं सांगा."

घरचं!

आणि तोंडातून निघून गेलं — "आमचे हे दुपारचे घरी यायचेच नाहीत. टेम्पोवरच वडापाव. हा सेट आणला आणि आता बाराच्या ठोक्याला दारात! एक भाकरी जास्त खातात. वर म्हणतात, वैजू, तुझ्या हाताला काय चव आहे गं!"

सगळ्या हसल्या. बसल्या बसल्या पुढे सरकल्या. एक म्हातारी म्हणाली, "नशीब काढलंस बाई." मागे एक पोरगी बसलेली, कडेवर तान्हं. ती मघापासून एक शब्द बोलली नव्हती. तिनेच पहिलं नाव लिहायला सांगितलं.

येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील, ह्यांनी माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही.

१३ जुलै

एकदा सरळ लिहूनच टाकते. बोलायला तर कुणी नाही.

लेक झाली, प्राची, त्यानंतर दोनदा पोट पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा राहिलं तर जिवावर बेतेल. ह्यांना मुलगा हवा होता. मी समजावलं, रडले, हात जोडले. "सगळ्यांना होतात," एवढंच उत्तर. मग सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या आधी माहेरी जाते असं सांगून निघाले आणि सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून आले. कागदावर सही माझी मीच केली.

कळलं तेव्हा हे ओरडले नाहीत. हात उचलला नाही — तो ह्यांनी कधीच उचललेला नाही. समोर ताट होतं, ते बाजूला सारलं आणि आईला म्हणाले, "आजपासून मला तू वाढ. हिच्या हातचं पाणीसुद्धा नको."

तेव्हापासून घरात दोन स्वयंपाक. आत माझा गॅस, माझ्यापुरता आणि प्राचीपुरता. बाहेर पडवीत आत्यांची चूल, ह्यांच्यासाठी. आत्या म्हणजे सासूबाई, ठकूबाई. सत्तरीला आल्यात. ह्यांचा दुधाचा टेम्पो निघायच्या आधी त्यांचा धूर सुरू होतो. हे माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर प्राचीला — "तुझ्या आईला सांग." मी तिथेच उभी असते!

आत्या ह्या बाजूनं बोलत नाहीत की त्या बाजूनं. मला कधीकधी वाटतं, चुलीपुढे त्या पहाऱ्यालाच बसल्यात.

माहेरी माहीत नाही. भावकीत माहीत नाही. पहिल्या वर्षी लाजेनं लपवलं. आता लपवते, कारण पहिल्या वर्षी लपवलं.

२ ऑगस्ट, सोमवार

ओतूर. सहा सेट. भाकरीची गोष्ट सांगितली.

१९ ऑगस्ट

दुकानात गेले होते. रिद्धी खूश! चहा मागवला. तिने मला काही युक्त्या सांगितल्या, त्या विसरू नये म्हणून लिहिते. पहिला घास सगळ्यात म्हाताऱ्या बाईला द्यायचा. तिने मान हलवली की सुनांची हिंमत होते. झाकण आपण उघडायचं नाही, जिचा विश्वास बसत नाही तिलाच उघडायला सांगायचं. आणि ताटल्या धुवायच्या आत नावं लिहून घ्यायची. एकदा बाया उठल्या की घरं आठवतात.

"तुम्ही का नाही जात हो डेमोला?" मी विचारलं.

"आमच्यात नाही चालत. कुणाच्या घरात काय शिजलेलं असतं... आणि सासरे नाही म्हणतात." मग हळूच — "तुमचं बरं आहे ताई. तुमच्या मिस्टरांचं किती कौतुक!"

मी चहा पीत राहिले. पाचशे बायांना खोटं सांगून झालं, पण एकीला खरं सांगता येत नाही.

७ सप्टेंबर

गोष्टीत भर पडत चाललीय. आज बेल्ह्यात मी म्हणाले, हे माझ्याच ताटात जेवतात. कुठून सुचतं मला?

२४ सप्टेंबर, शुक्रवार

ज्याची भीती होती ते झालं. गोष्ट ह्यांच्या कानावर गेली.

डेअरीवर लोक चिडवतात म्हणे. "काय राव भगवंतभाऊ, एक भाकरी जास्त!" "लई नशीबवान तुमी!" मी धरूनच चालले होते — आता सगळं बंद होणार, पिशवी अंगणात फेकणार. संध्याकाळी टेम्पो लावला, चपला काढल्या, दारात उभे राहिले. मी भांडी पुसत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग प्राचीला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चालू दे."

आणि हसले!

 ओरडले असते तर बरं होतं. ह्यांना आवडलंय ते. फुकटात चांगला नवरा झालेत सगळ्या तालुक्यात. मीच केलंय. ह्यांना काहीही करावं लागत नाही — घरात जे करतात तेच करत राहायचं, बाहेर माझ्या तोंडून नाव मिळतंय.

२५ सप्टेंबर

आज घोडेगावला जायचं होतं. जाऊ नये वाटत होतं. गेले. सात.

१९ ऑक्टोबर, दसरा

दोन वर्षं झाली. प्राचीने सोनं दिलं सगळ्यांना. ह्यांनी तिच्या हातून घेतलं. मी पुढे केलेलं आत्यांच्या हातात गेलं, तिथून ह्यांच्याकडे. प्राची बघत होती. ती आता आठ वर्षांची आहे, तिला हेच रीतसर वाटतं. परवा बाहुल्यांशी खेळताना ऐकलं — "तुझ्या आईला सांग, भूक न्हाई म्हणावं."

१६ नोव्हेंबर

दिवाळीत सेट भरपूर गेले. शेठजींनी स्वतः बोलावलं, खुर्ची दिली. म्हणाले, "वैजयंताबाई, आता घराघरात किती दिवस फिरायचं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठा कार्यक्रम करू. आळेफाट्याला कार्यालय घेतो. दोनशे बायका. आणि एक नवीन गोष्ट करायची आहे."

मी म्हटलं, काय?

"भगवंतभाऊंना आणा. त्यांचं नाव सगळीकडे झालंय, पण बघितलंय कुणी? तुम्ही रांधा, ते सगळ्यांसमोर जेवतील. बस्स! मला एक शब्द बोलावा लागणार नाही."

 मी म्हणाले, त्यांच्या टेम्पोचा खोळंबा होतो, दुधाच्या वेळा असतात. शेठजी म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी. बायकोच्या हातचं जेवायला कोण नाही म्हणेल?"

२० नोव्हेंबर

शेठजी डेअरीवर जाऊन भेटले. हे हो म्हणाले!! प्राचीकडून कळलं मला.

का हो म्हणाले?

५ डिसेंबर

रिद्धीला अर्धं सांगून बघितलं. म्हटलं, ह्यांना चारचौघांत खायला संकोच वाटतो, नको तो कार्यक्रम. तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं वरवर नाही — नीट बघितलं. मग कपाटातून गठ्ठा काढला. पत्रकं छापून आली होती. गुलाबी कागद. 'सौ. वैजयंता व श्री. भगवंत यांच्या सुखी संसाराचे रहस्य — प्रत्यक्ष पहा!'

"गावोगाव वाटायला गेलीत ताई," ती म्हणाली. "मी सासऱ्यांना नाही सांगू शकत. तुम्हाला तर माहीतच आहे."

मला कुठे काय माहीत होतं? पण तिच्या आवाजावरून कळलं, त्या घरात तिचंही काही चालत नाही.

११ जानेवारी २०००

खोटं कशाला लिहू. रोज वाटायला लागलंय, कदाचित ह्यांना निमित्तच हवं असेल. इतक्या दिवसांनंतर स्वतःहून कसं जेवायला बसायचं, म्हणून लोकांचं निमित्त. एकदा घास पोटात गेला की घरी कशाला अडून राहतील? आज मासवडीचं सारण दोनदा करून बघितलं. खोबरं जास्त भाजलं गेलं होतं पहिल्या वेळी. ह्यांना तसं आवडत नाही. आवडायचं नाही.

२३ जानेवारी, रविवार

कार्यालय भरून बाया बाहेर उभ्या होत्या. पिंपरी पेंढारहून माझी आई आलेली, शेजारच्या चौघी-पाचजणींना घेऊन. पहिल्या रांगेत बसली, नवं लुगडं नेसून. पत्रक घडी करून कनवटीला लावलेलं! येईल त्याला सांगत होती, "माजी लेक हाय."

मी बेसन हाटलं. ओल्या फडक्यावर थापलं, सारण पसरलं, वळलं, वड्या पाडल्या.  रस्सा केला. भाकऱ्या तिथेच भाजल्या. हे टेबलामागे खुर्चीत. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. मी ताट वाढलं आणि समोर ठेवलं. माझ्या हातून.

मागच्या बाया बघायला उठून उभ्या राहिल्या.

ह्यांनी भाकरी मोडली. मासवडीचा तुकडा रश्शात बुडवला. तोंडात घातला. चावत होते आणि मी नुसती ह्यांच्या गळ्याकडे बघत होते — गिळतात की नाही. गिळला! मग दुसरा. मग तिसरा. एक भाकरी संपली. आणि हे माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "वैजू, अजून एक वाढ गं."

नावानं हाक मारली. सव्वादोन वर्षांनी.

काय टाळ्या! शेठजी माईकवर काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. आईने पदराने डोळे पुसले. किती सेट गेले विचारलंसुद्धा नाही मी.

टेम्पोत घरी येताना हे गप्प होते. मला वाटलं, सवय मोडायला वेळ लागतो. घरी आल्यावर मी गॅस पेटवला. दोन जादा भाकऱ्यांचं पीठ काढलं. ह्यांनी हातपाय धुतले. मी ताट घेऊनच उभी होते. हे माझ्यापुढून पडवीत गेले, चुलीपुढे मांडी घातली. "आई, वाढ."

मग प्राचीला हाक मारून काहीतरी सांगितलं. ती आत आली. शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात म्हणाली —

"आई, पप्पा म्हणतात, ते लोकांसाठी होतं."

२४ जानेवारी

—

२७ जानेवारी, गुरुवार

सकाळी प्राचीला शाळेत सोडलं आणि तशीच पिंपरी पेंढारला गेले. आईला सगळं सांगितलं. ऑपरेशन, पडवीतली चूल, सगळं. म्हटलं, मला इथे राहू दे. प्राचीला घेऊन येते. डेमोचं काम इथूनही करता येईल, कुणावर भार होणार नाही.

आई ऐकत होती. शेंगा फोडत होती, हात थांबला नाही.

"ऑपरेशन केलंस ते मला न्हाई सांगितलंस."

"तू ह्यांना सांगितलं असतंस."

"आनि दोन वर्सं खात न्हाई म्हनतीस?"

"हो."

"वैजू, मी म्होरं बसले व्हते. ह्या डोळ्यांनी पायलं मी! समद्यांदेखत नाव घेऊन हाक मारली तुला. तुजा बाप असतान्ना मला चार मानसात कधी हाक मारली न्हाई त्यानं."

"आई, ते लोकांसाठी होतं."

"आनि मंचरच्या, ओतूरच्या बाया सांगत्यात ते?"

"त्यांना कुणी सांगितलं?"

"तूच की!"

खरंच की. मीच.

मग आई जवळ सरकली आणि बारीक आवाजात विचारलं, "दुसरं काय हाय का तुज्या मनात? गावोगाव हिंडतीस... खरं सांग." मला आधी कळलंच नाही काय विचारतेय. कळलं तेव्हा उठले. तिने पिशवीत शेंगा घातल्या, डोक्यावरून हात फिरवला. "भांडान झालं आसंल. व्हतं तसं. संध्याकाळच्या आत घरी जा, त्यांना कळायच्या आत."

दुपारच्या गाडीने परत. प्राची शाळेतून यायच्या आधी घरात होते. कुणाला पत्ताही लागला नाही मी घर सोडलं होतं त्याचा.

३ फेब्रुवारी

आज ठरवलं. इथून पुढे गोष्ट सांगायची नाही. गॅस, तेल, बूड — संपलं. विकली गेली तर जातील भांडी.

८ फेब्रुवारी

नारायणगावात एका डॉक्टरांच्या बंगल्यावर डेमो. गोष्ट सांगितली नाही. एकही नाही गेला. बाया उठताना एकमेकींत कुजबुजत होत्या. एक जवळ येऊन म्हणाली, "बरं नाही का आज? आम्ही तुमच्या मिस्टरांचं ऐकायला आलो होतो."

१० फेब्रुवारी, गुरुवार

आणे. पठारावर वारा इतका, की गॅसपुढे दोघींना परात धरून बसावं लागलं. डेमो बयाबाईंच्या घरी. तोंडाच्या फटकळ, पण प्रेमळ. यात्रेच्या आमटीचं कौतुक ऐकवून झालं — "आमच्या यात्रंची आमटी तुमच्या ह्या डब्ब्यात मावायची न्हाई!" वीसेक बाया हसत खेळत बसलेल्या. इथल्या अर्ध्या बाया आत्यांच्या ओळखीच्या, कारण आणे हे आत्यांचं माहेर.

मी ठरवल्याप्रमाणे नुसतं भांड्याचं सांगत होते. बयाबाईंना राहवेना. "अगं ते सांग की! एक भाकरीचं!" मी म्हटलं, नको, ऐकलंय सगळ्यांनी. "न्हाई ऐकलं हिनं. थांब, म्या सांगते." आणि माझी गोष्ट त्यांनीच सांगायला घेतली! माझ्यापेक्षा झकास. हे बाराला येतात, ताटाशी बसतात, पहिला घास मला भरवतात — हे मी कधीच म्हटलं नव्हतं! — मग टेम्पोत माझ्यासाठी गजरा ठेवतात. बाया टाळ्या देत होत्या. मी बेसन हाटत बसले होते आणि माझा संसार माझ्यासमोर वाढत चालला होता, मला न विचारता.

मला ते सहन होईना. डाव खाली ठेवला.

म्हटलं, "खोटं आहे हे सगळं. आमचे हे माझ्या हातचं खात नाहीत. दोन वर्षं झाली. पाणीसुद्धा घेत नाहीत."

 वाटलं, संपलं. सुटले.

आणि बयाबाईंनी मांडीवर थाप मारली. "बया! लई गमतीची हाय गं तू!" मग जो काय हशा झाला! एकीला ठसका लागला. "पानी सुदिक घेत न्हाईत म्हनं! आनि आळेफाट्याला काय त्याचं भूत जेवलं?" मी म्हणतेय, अहो खरं सांगतेय, शपथेवर सांगतेय — जितकं सांगते तितक्या जास्त हसतात. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "दिष्ट लागू नये म्हनून म्हनती ती. शानी हाय."

आठ सेट.

११ फेब्रुवारी

खरं सांगितलं तरी भांडी विकली जातात. आता काय राहिलं?

१२ फेब्रुवारी

रिद्धीचा निरोप — सासरे म्हणतात, आण्याला केलं तसं थट्टेनं सांगितलं तरी चालेल, बायांना जास्त आवडतं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पडवीतून आत्यांचा खोकला थांबेना म्हणून पाणी घेऊन गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी थापताना हात इतके थरथरतात की कडा फाटते. ती पुन्हा जुळवायची, पुन्हा फाटते. हे कधी पाहिलंच नव्हतं मी. दोन वर्षं त्यांच्या पाठीकडेच बघत आले.

हे टेम्पो घेऊन गेलेले. आत्यांनी पाणी प्यायलं. मग चुलीकडे बघतच म्हणाल्या, "आन्याला सांगितलंस म्हनं तू, त्यो खात न्हाई म्हनून?"

 त्यांच्या माहेरची बातमी, पोचणारच होती.

"हो आत्या."

"हासल्या म्हनं समद्या."

"हो."

 भांडं परत दिलं, फुंकणी घेतली आणि जाळ फुंकायला लागल्या.

आता ह्यांना सांगणार. घरातली गोष्ट मी वीस बायांत उघडी केली. आत्तापर्यंत हे बोलत नव्हते एवढंच. आता काय करतील सांगता येत नाही. प्राचीला माझ्यापासून तोडतील? तेवढंच राहिलंय.

१८ फेब्रुवारी

काही नाही.

२१ फेब्रुवारी

अजून काही नाही. आत्या ह्यांना वाढतात, हे जेवतात, हात धुतात. प्रत्येक वेळी आत्यांनी तोंड उघडलं की माझ्या हातातलं निसटतं. आज बरणी फुटली.

२५ फेब्रुवारी

शेठजींनी पुढच्या महिन्यात जुन्नरला जोडीचा कार्यक्रम ठरवलाय. मग मंचर, मग घोडेगाव. ह्यांनी तारखा दिल्यासुद्धा. म्हणजे दर महिन्याला एकदा हे माझ्या हातचं जेवणार, माझं नाव घेणार, मग घरी येऊन पडवीत बसणार. शेवट कुठे आहे ह्याला? प्राची मोठी होईल, तिच्या लग्नाच्या बोलणीत पाहुणे म्हणतील, हिच्या आईबापांचा संसार बघा.

२८ फेब्रुवारी, सोमवार

राजुरी फाटा. प्राची शेजारी बसलीय, तिच्या पेनने लिहितेय.

सकाळी आत्या बेल्ह्याच्या बाजाराला जाते म्हणून बाहेर पडल्या. दोन वाजता परत आल्या, तर त्यांच्याबरोबर माझी आई. तिचे डोळे सुजलेले. आत्या बाजाराला गेल्याच नव्हत्या. पिंपरी पेंढारला गेल्या होत्या, दोन गाड्या बदलून, एकट्या. माझ्या आईच्या ओसरीवर बसून सांगितलं — "इहीणबाई, पोरगी खरं बोलतीया. त्याला रांधून घालनारी मीच हाय."

 आई एवढंच म्हणाली, "वैजू, कपडे भर. पोरीचे बी."

मी भरले. बाहेर आले तर आत्यांचंही गाठोडं बांधून तयार. "म्या चाललेय आन्याला, भावाकडं. लेक हाय माजा, पन दोन वर्सं पाप करवून घेतलं त्यानं माज्याकडनं. आता त्यो आनि त्याची भूक."

आण्याची गाडी आधी आली. मी आत्यांना हात धरून चढवलं. पायरीवरून त्या वळल्या आणि आईला म्हणाल्या, "चार दिस हिला काय करू देऊ नका. आयतं वाढा."

गाडी गेली. आमची अजून यायची आहे.